खिशाला झेपणारी कोकण सहल, वाटेत इमॅजिका: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलांना राइड्स हव्यात, आईला समुद्र, आजीला गणपतीचं दर्शन आणि बाबांना हिशेब जुळायला हवा. या सगळ्यांना एकाच गाडीत बसवायचं तर खोपोली ते दापोली हा पट्टा फार सोयीचा पडतो. खालचे बहुतेक प्रश्न मुंबई, ठाणे आणि पुण्याकडच्या कुटुंबांचे आहेत. घाटमाथ्यावरून येणाऱ्यांसाठी वेगळं उत्तर पुढे दिलं आहे. पैशांचे आकडे ढोबळ आहेत, हंगामाप्रमाणे वरखाली होणारच.

इमॅजिका आणि कोकण एकाच सहलीत कसं बसवायचं? दोन्ही वेगळ्या दिशांना नाहीत का?

नाहीत. इमॅजिका हे थीम पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, खालापूर तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. बहुतेक लोक पार्क बघून आल्या वाटेने एक्स्प्रेसवेला लागतात, घरी येतात आणि कोकणची सहल वेगळी काढतात. त्यात पेट्रोल दोनदा जळतं आणि रजाही दोनदा खर्ची पडते.

त्याऐवजी पार्कमधून निघून गाडी उलट्या दिशेला, पालीकडे वळवा. पालीहून पुढे वाकण फाट्याला हाच रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, नागोठणे आणि कोलाड यांच्या मधे. म्हणजे पेण-वडखळचा टप्पा तुम्ही न बघताच मागे टाकलात, आणि सुटीच्या दिवशी वडखळ नाक्यावर अडकलेल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. तिथून कोलाड, इंदापूर, माणगाव करायचं आणि माणगावहून म्हसळ्याकडे वळलं की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हे तिन्ही किनारे हाताशी येतात.

आधी पार्क करावं की आधी समुद्र?

मुंबई-पुण्याकडून येत असाल तर आधी पार्क. शेवटी ठेवलंत तर अख्ख्या सहलीत मागच्या सीटवरून एकच प्रश्न येत राहतो, "इमॅजिका कधी?" हरिहरेश्वरच्या खडकांकडे मुलं ढुंकून बघत नाहीत. शिवाय दिवसभर उन्हात रांगा लावून दमल्यावर रात्री घरापर्यंत गाडी हाणायची, हे चालवणाऱ्याच्या जिवावर येतं. पहिल्या दिवशी पार्क, मुक्काम खोपोलीत किंवा पालीत, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं निवांत.

दुसरं कारण पैशाचं. मोठा खर्च पहिल्याच दिवशी होऊन गेला की उरलेल्या पैशांत उरलेले दिवस बसवता येतात. उलट केलं तर किनाऱ्यावर हात सैल सुटतो आणि पार्कच्या दारात काटकसर आठवते.

चौघांच्या कुटुंबाला एकूण किती खर्च येईल?

ठाण्याहून निघालेलं आईबाबा आणि दोन मुलांचं कुटुंब, स्वतःची पेट्रोल गाडी, चार रात्री, मधल्या वारांना, असं धरून हिशेब मांडते.

इमॅजिका, पाली, दिवेआगर, दापोली आणि परत, इकडेतिकडे फिरणं धरून साधारण ६०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ४,२०० रुपये. राहायला घरगुती खोली, रात्रीचे २,००० प्रमाणे ८,०००. पार्कचा दिवस तिकिटं, पार्किंग आणि आतलं खाणं धरून ७,००० ते ८,००० च्या खाली बसवणं कठीण. उरलेल्या चार दिवसांचं जेवण-नाश्ता साडेसात हजार, त्यात मुलांनी एक थाळी वाटून घेतली असं गृहीत आहे. टोल, फेरीबोट, होडी, पार्किंग यांचे दीड हजार. एखादी बोटीची फेरी आणि घरी न्यायचा खाऊ म्हणून दोन हजार. झाले सगळे मिळून तीस-एकतीस हजार.

यातला पार्कचा आकडा फारसा हलत नाही आणि पेट्रोलचाही नाही. हलतात ते राहणं आणि जेवण. म्हणून पुढची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

पार्कच्या तिकिटात बचत कुठे होते?

पहिली गोष्ट म्हणजे वार. मधल्या वारांना तिकीट स्वस्त असतं आणि रांगाही आखूड असतात, म्हणजे त्याच पैशात राइड्स जास्त होतात. शनिवार-रविवारी किंवा ऐन दिवाळीत गेलात तर जास्त पैसे देऊन निम्मा वेळ लोखंडी कठड्यांच्या मधे उभे राहाल. तिकीट दारावर न काढता आधी ऑनलाइन काढा, सवलती तिथेच लागतात.

दुसरी गोष्ट, थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी आहेत. थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क त्यानंतर. एका दिवसात दोन्ही उरकायचा मोह आवरा, धड एकही होत नाही. मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर थीम पार्क घ्या. सहा-सात वर्षांच्या आतली असतील तर मोठ्या राइड्स उंचीमुळे त्यांना मिळतच नाहीत, मग त्यांच्यासाठी पाणीच बरं. वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचे पोहायचे कपडे घरूनच न्या, तिथे भाड्याने घेतलेत तर चौघांचे मिळून एका थाळीचे पैसे सहज जातात.

तिकीट मुलाच्या वयावर नाही, उंचीवर ठरतं. उंचीच्या खुणेपाशी जरा वेळ उभं राहून बघा, करमणूक होते. तिकीट काढताना बाबा पोराला हळूच गुडघे वाकवायला सांगत असतात. आत गेल्यावर रोलर कोस्टरच्या दारात तेच पोर टाचा उचलून, केस फुगवून उभं असतं आणि बाबा म्हणतात, "ताठ उभा राहा की जरा!" उंची घरीच मोजून जा आणि कुठली राइड मिळणार नाही ते मुलाला आधीच सांगा, म्हणजे तिथे रडारड होत नाही.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. म्हणून खोपोलीत पोटभर नाश्ता करा आणि दार उघडण्याच्या आधी अर्धा तास पोचा. पहिल्या तासाभरात सगळे दाराजवळच्या राइड्सना गर्दी करतात. तुम्ही सरळ टोकाला जा आणि मोठ्या राइड्स आधी उरका. जेवण बाराला किंवा तीनला करा, दीड वाजता नको.

आजी-आजोबा बरोबर आहेत. त्यांचंही पार्कचं तिकीट काढायचं का?

त्यांना खरोखर हौस असेल तर जरूर काढा. नुसतं "बाकावर बसतील, पिशव्या सांभाळतील" म्हणून काढू नका. एवढ्या पैशात त्यांचा एका रात्रीचा मुक्काम निघतो.

अष्टविनायकांपैकी दोन गणपती याच भागात आहेत. महडचा वरदविनायक खोपोलीजवळ आणि पालीचा बल्लाळेश्वर पुढे, तुमच्या वाटेवरच. आदल्या रात्री पालीत मुक्काम केलात तर सकाळी म्हातारी मंडळी तिथेच निवांत राहतात, दर्शन करतात, दुपारी आडवी होतात आणि तुम्ही संध्याकाळी त्यांच्याकडे परत येता. पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. गुडघेदुखीवाल्यांना तिथे पाय सोडून बसायला आवडतं. गुण येतो की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण तिथून उठायला मात्र कुणी तयार नसतं.

पाच दिवसांत कुठे कुठे मुक्काम करावा?

कमीत कमी ठिकाणी. मंडळी कागदावर अलिबाग, मुरुड, दिवेआगर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे असं सगळं आखून आणतात. नकाशात गावं एकमेकांना चिकटून दिसतात, पण मधे खाड्या आहेत, घाट्या आहेत आणि एका वेळी एकच गाडी जाईल असे गल्लीबोळ आहेत. किनाऱ्याच्या रस्त्याने तासाला ३०-३५ किलोमीटर झाले तरी चांगलं म्हणायचं.

माझा कौल असा: पहिली रात्र पालीत, पुढच्या दोन रात्री दिवेआगर किंवा श्रीवर्धनला, चौथी रात्र दापोली तालुक्यात, म्हणजे आंजर्ले, मुरुड (हे दापोलीचं, जंजिऱ्याजवळचं वेगळं) किंवा कर्दे. दोन रात्री एका जागी राहिलात की खोलीवाला दरात थोडं कमी करतो, कपडे वाळतात, आणि रोज सकाळी बॅगा भरायची कटकट वाचते. दिवेआगरहून एक दिवस दिघीला जाऊन होडीने जंजिरा बघता येतो. पलीकडच्या राजपुरीच्या धक्क्याच्या मानाने इकडे गर्दी कमी असते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी किल्ल्यात प्रवेश थांबवतात, तेवढा वार सांभाळा.

चौथ्या दिवशी हरिहरेश्वर बघून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पलीकडे वेसवीला उतरून वेळास, केळशी, आंजर्ले करत पुढे जायचं. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. त्या देवळापासून सुवर्णदुर्ग आणि खालचा सगळा किनारा दिसतो आणि त्याला दमडी लागत नाही. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. मुलांना नाकाला रुमाल लावून का होईना, दाखवाच.

एक रात्र वाढवता येत असेल तर दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर गाठा. वाढवता येत नसेल तर गुहागर पुढच्या वर्षी.

फेरीबोटीत गाडी चढवायची भीती वाटते. आणि ती महाग नाही का?

महाग नाही. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्यांवरच्या फेऱ्यांना गाडीचे साधारण दोन-तीनशे रुपये आणि माणशी किरकोळ तिकीट पडतं. पाणी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. हीच दाभोळची खाडी रस्त्याने ओलांडायची म्हटली तर खेड-चिपळूणचा वळसा पडतो. तेवढ्या पेट्रोलमध्ये फेरीचं तिकीट काढून वर सोलकढी होते.

भीतीचं म्हणाल तर, धक्क्याच्या उतारावर एक पोरगा उभा असतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तळहाताने "ये, ये, डावीकडे घे, बास" करत. त्याच्याकडे बघा, आरशात बघू नका. बाजूचे आरसे मिटा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. दोन गाड्यांमधे जेमतेम दार उघडेल इतकीच जागा राहते, म्हणून आजीला आणि मुलांना आधीच उतरवून चालत बोटीवर पाठवा. मुलांसाठी हा अनुभव पार्कमधल्या कुठल्याही राइडइतकाच भारी असतो.

फेऱ्या रात्री लवकर संपतात, आणि लागोपाठच्या सुट्यांमध्ये गाड्यांची रांग धक्क्याच्या बाहेर रस्त्यावर येते. सकाळची फेरी धरा.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो ही वेगळी गोष्ट. ती २०२० पासून सुरू आहे, तासाभरात पोचवते आणि छान आहे, पण गाडीसकट चौघांचं तिकीट काढलं की बजेटला मोठं भोक पडतं. या मार्गावर तिची गरजही नाही.

टोल किती लागेल? वार्षिक पास घ्यावा का?

फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ पासून मिळतो, सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही. एवढ्या एका सहलीसाठी तो घेण्यात अर्थ नाही, वर्षभर हायवेला जाणं-येणं असेल तर घ्या.

मुंबईत येण्या-जाण्याच्या पाच नाक्यांवर कारला ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. त्यामुळे दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांनी अटल सेतूच्या २५० रुपयांचा विचार जरा थांबून करावा. सकाळी सहाच्या आत निघालात तर वाशीच्या पुलावरून फुकटात आणि जवळपास तेवढ्याच वेळात पनवेल गाठता. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या रात्री बघा. टॅग चालला नाही आणि रोख दिलेत तर दुप्पट टोल बसतो.

गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं, पण त्या दिवसांत सहलीला येऊ नका. रस्ता चाकरमान्यांचा असतो, खोल्या नसतात, आणि घरगुती खानावळवाल्या काकूंच्या स्वतःच्याच घरी तीस माणसं जेवायला असतात.

राहण्यासाठी हॉटेल बरं की घरगुती सोय?

घरगुती सोय. दिवेआगर, श्रीवर्धन, आंजर्ले, मुरुड, गुहागर या सगळ्या गावांत वाडीतल्या घराला जोडून दोन-चार खोल्या बांधलेल्या असतात. मधल्या वारी साधी खोली दीड ते अडीच हजारांत मिळते आणि एसी नको म्हटलंत की आणखी उतरते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पंखासुद्धा बंद करावा लागतो, तेव्हा एसीचे पैसे कशाला?

फोनवर नुसतं "रूम आहे का" न विचारता हे विचारा: चौघांना एक खोली मिळेल का आणि जादा गादीचे किती? गरम पाणी कधी असतं? गाडी आवारात लागते का? जेवण घरचं की बाहेरून? थाळी किती आणि मुलांना अर्धी मिळते का? आणि समुद्र चालत किती मिनिटं? "समुद्राजवळ" या शब्दाचा अर्थ खोलीवाल्यागणिक बदलतो.

पैसे पाठवताना सावध. नेटवर सापडलेल्या नंबरावर सगळी रक्कम आधी पाठवू नका. पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टच्या नावाने बनावट साइट काढून लोकांना गंडवलं जातं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशीच "फुल पेमेंटवर वीस टक्के सूट" घेतली आणि गावात पोचल्यावर तशी जागाच नाही म्हणून कळलं. एका रात्रीच्या निम्मे पैसे आगाऊ, उरलेले गेल्यावर, ही रीत इथले खरे घरमालक आनंदाने मान्य करतात.

जेवणाचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा? मासे तर महाग असतात.

मासे महाग नसतात, सुरमई आणि पापलेट महाग असतात. बसल्या बसल्या "चार सुरमई थाळी" म्हणालात की हजार-दीड हजार गेले. त्याऐवजी "आज काय आलंय?" असं विचारा. बांगडा, मांदेली, बोंबील, सौंदाळे जे काही त्या दिवशी बंदरावर आलं असेल ते ताजं असतं आणि स्वस्तही. मोठ्यांनी एक मच्छी थाळी आणि एक शाकाहारी घेऊन वाटून खाल्लं तर दोन्ही चवी मिळतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात येणारा मासा बहुतेक बर्फातला किंवा खाडीतला असतो. त्या दिवसांत शाकाहारी थाळीच घ्यावी.

शाकाहारी जेवण दिवेआगर-आंजर्ल्याकडे फार उत्तम मिळतं: आमटी, बिरड्याची उसळ, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, कोकमाची कढी. मोदक मात्र आयत्या वेळी मिळत नाहीत. सकाळी नाश्त्याला गेलात की दुपारचे मोदक किती ते आकड्यासकट सांगून ठेवा. नाश्त्याला घावणे किंवा आंबोळी मागा. ब्रेड-बटर खायला एवढ्या लांब कशाला यायचं?

घरून दशम्या, चटणी, चिवडा, केळी घेऊन निघा आणि पाण्याचा मोठा कॅन गाडीत ठेवा. हायवेवरच्या मोठ्या फूड प्लाझात चौघे एकदा शिरले की बाहेर येईपर्यंत घरगुती खानावळीतलं एक जेवण गेलेलं असतं.

मुलं समुद्रात खेळणार. भरती-ओहोटी कशी कळते?

पंचांगावरून. किनाऱ्यावरचे लोक तिथीला पाऊणने गुणतात, जे येईल ती भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३: पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनच्या पुढे. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार हलत नाही.

सहलीच्या तारखा ठरवतानाच हा हिशेब करा. हरिहरेश्वरला देवळामागून डोंगराला वळसा घालून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग समुद्राच्या कडेच्या खडकांवरून जातो आणि भरतीला तो बंद होतो. तिथे पाणी चढताना "एवढं काय होतंय" म्हणत पुढे जाणाऱ्यांना लाटांनी ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला चालत जायचं तर तेही ओहोटीलाच, आणि परतीची वेळ आधी ठरवून.

पाण्यात उतरायचं ते पाणी चढत असताना आणि गुडघाभरच. ओहोटी लागली की आत ओढ असते. काशीद आणि गणपतीपुळे दिसायला देखणे, पण तळ एकदम खोल जातो. तिथे मुलांना वाळूतच खेळू द्या. गावातला माणूस "आत जाऊ नका" म्हणाला की वाद घालायचा नाही.

गाडी वाळूत नेऊ नका. ओली वाळू कडक दिसते म्हणून लोक नेतात, चाक रुततं, मग भरती लागते आणि ट्रॅक्टरवाला म्हणेल ते पैसे. वर पोलिसांचा दंड वेगळा.

वॉटर स्पोर्ट्सचे दर ठरलेले असतात का?

पाटीवर असतात, पण मधल्या वारी घासाघीस चालते. चार-पाच खेळांचं पॅकेज घेऊ नका. मुलं दोन खेळांनंतर थंडीने कुडकुडायला लागतात आणि उरलेले पैसे वाया. जॅकेटचे पट्टे आणि बक्कल स्वतः ओढून बघा. मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर ती फेरी सोडून द्या.

मुलाला घाटात गाडी लागते. काय करावं?

निघण्याआधी दूध देऊ नका. कोरडं काहीतरी, पोळी किंवा खाकरा, थोडंसं द्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी द्यायची, वळणं सुरू झाल्यावर उपयोग नाही. मोबाइल काढून घ्या. आवळासुपारी, लिंबू, एक जुना टॉवेल आणि चार-पाच प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नको. म्हसळ्याच्या आणि मंडणगडच्या वळणांवर दर पाऊण तासाने पाच मिनिटं थांबलात तर गाडी धुवायचा खर्च वाचतो.

कधी यावं? पावसाळ्यात चालेल का?

शाळेच्या वेळापत्रकात बसणारा सगळ्यात चांगला काळ म्हणजे दिवाळीच्या सुटीचा दुसरा आठवडा. भाऊबीजेनंतरचे चार दिवस सोडले की दर खाली येतात, हवा छान असते, रस्त्याकडेला अजून हिरवं असतं. नाताळ ते ३१ डिसेंबर अजिबात नको. २६ जानेवारीला जोडून रजा मिळाली तरी तो आठवडा टाळून पुढचा घ्या.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर वेळासला थांबा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपतात आणि अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. गावकऱ्यांच्याच घरी राहायची-जेवायची सोय असते. पिल्लं निघतील अशी खात्री कुणीच देत नाही. पण एखादं तळहाताएवढं पिल्लू वाळूत चारदा कलंडून पाचव्यांदा पाण्यापर्यंत पोचतं तेव्हा सगळी पोरं श्वास रोखून बसलेली असतात.

मे महिन्यात उकाडा, गर्दी आणि दर तिन्ही टिपेला असतात, आंबा सोडला तर येण्याचं कारण नाही. पावसाळ्यात खोल्या निम्म्या दरात मिळतात आणि कोकण तेव्हाच सगळ्यात सुंदर दिसतं, हे खरं. पण होड्या बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, समुद्रात उतरायचं नाही आणि घाटात दरडींची धास्ती. मुलं लहान असतील तर सप्टेंबरअखेरपर्यंत थांबा.

आमच्याकडे गाडी नाही. टुरिस्ट गाडी करावी का?

इथे एक गंमत आहे. टुरिस्ट गाडीवाले बहुधा दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे लावतात, शिवाय चालकाचा भत्ता. किनाऱ्यावर तुम्ही दिवसाला जेमतेम ६०-७० किलोमीटर फिरणार. म्हणजे न चाललेल्या किलोमीटरचेच जास्त पैसे जातात. करायचीच असेल तर फक्त नेऊन सोडण्यापुरती आणि परत आणण्यापुरती ठरवा, गावात रिक्षा करा.

खरी स्वस्त सोय एसटीची. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे फुकट, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. म्हणजे आजी, आई आणि दोन मुलं मिळून दोन तिकिटांत जातात, पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं. बऱ्याच ठिकाणी फिरायचं असेल तर "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास बघा. आधार कार्ड मूळ प्रत बरोबर ठेवा, कंडक्टर मागतो.

आम्ही साताऱ्या-कोल्हापूरकडचे. आम्ही कसं यावं?

तुम्ही उलट फिरा. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी. तिथून किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत शेवटी पाली, मग इमॅजिका आणि एक्स्प्रेसवेने पुण्यावरून घरी. पार्क शेवटी आल्यामुळे त्या रात्री खोपोलीत मुक्काम धराच. पुणेकरांना ताम्हिणी घाटाने थेट माणगावला उतरता येतं, त्यामुळे त्यांनी जाताना इमॅजिका-पाली आणि येताना ताम्हिणी असा गोल करावा, एकच रस्ता दोनदा लागत नाही.

एवढं आलोच आहोत तर मालवणही करून यावं का?

नाही. दापोलीहून मालवण म्हणजे अख्खा दिवस गाडीत. तारकर्ली, देवबाग, सिंधुदुर्ग किल्ला यांना किमान तीन दिवस वेगळे द्या आणि तिकडे रेल्वेने कुडाळला उतरा. चौघांचं स्लीपरचं तिकीट पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, फक्त आरक्षण उघडल्याच्या दिवशी काढायला हवं.

परतताना आंब्याची पेटी हायवेवर घ्यावी का?

हायवेच्या कडेला "देवगड हापूस" पाटी असलेल्या प्रत्येक पेटीत देवगडचा आंबा असतोच असं नाही. मुक्कामाच्या घरमालकांना आदल्या दिवशी सांगा. त्यांच्या किंवा शेजारच्या बागेतला आंबा दोन-तीन डझन सुटा मिळतो, पेटीचे पैसे वाचतात, आणि अर्धा कच्चा अर्धा पिकलेला असा निवडून घेता येतो. पेटी डिकीत तापवू नका, मागच्या सीटखाली ठेवा. आंब्याचा हंगाम नसेल तर कोकम आगळ, आंबापोळी आणि कुळथाचं पीठ घ्या. आगळाच्या बाटलीचं बूच घट्ट आहे का ते दोनदा बघा, सीटवर पडलेला डाग जात नाही.

निघताना जेवून उशिरा निघण्यापेक्षा सकाळी सातला निघा. रविवारी दुपारी तीननंतर माणगावपासून पुढे गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात अडकलात तर रात्रीचं जेवण बाहेर करावं लागतं.